गणपतीच्या खांद्यावरचा पट्टा

लोक कोकणात समुद्र बघायला जातात, मासे खायला जातात, निदान नवस फेडायला तरी जातात. मी गेले होते विमानाच्या सीटमागे बसवायच्या दोन डब्या शोधायला. त्यामुळे या प्रवासवर्णनात एकही सूर्यास्त नाही. नारळीपोफळीच्या बागा वाटेत असतील, पण मी त्या बघितल्या नाहीत. पेण आणि रोहा या दोन गावांत मी दोन दिवस काढले, आणि त्यातला बराचसा वेळ माझी नजर टेम्पोच्या हौद्यात, देवाच्या पाठीमागे आणि एका बकरीच्या गळ्याकडे होती.

डब्यांचं आधी सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. मी छोटी विमानं उडवायला शिकवते. आमची शाळा म्हणजे घाटावरच्या एका माळावरची धावपट्टी, पत्र्याची शेड आणि माझ्याहून थोडंच तरुण असलेलं दोन माणसांचं एक विमान. त्यात बसणाऱ्याला दोन पट्टे असतात, एक कमरेला आणि एक खांद्यावरून. खांद्याचा पट्टा सीटमागच्या डबीत गुंडाळलेला असतो. हळू ओढला तर तो मुकाट्याने बाहेर येतो, पुढे वाकून पडलेला नकाशा उचलता येतो. पण झटका बसला की डबी त्याला जागच्या जागी धरते आणि आपलं तोंड समोरच्या घड्याळांवर आपटत नाही. मोटारीतही हेच असतं, फक्त मोटारीतली डबी नारळाएवढी, आणि आमच्या सीटमागे जागा जेमतेम मुठीएवढी.

गणपतीच्या आधी आमच्या दोन्ही डब्यांनी काम सोडलं. कितीही झटका द्या, पट्टा सोऱ्यातून शेव पडावी तसा बाहेर यायला लागला. मी मालकांना दाखवलं. मालक स्वतःही जुने वैमानिक आहेत. शाळेत सगळे त्यांना सर म्हणतात. मी मनातल्या मनात जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी पट्टा खांद्यावरून घेतला, पदर नीट बसलाय का बघावं तसा खिडकीच्या काचेत बघितला आणि म्हणाले, "दिसतोय की खांद्यावर. मग झालं!"

नव्या डब्या परदेशातून मागवायच्या तर दिवाळी उलटणार होती, आणि किंमत ऐकून मालकांना एकदम देशप्रेम आठवलं. "आपल्याकडे मिळत नाही असं काही नाही," ते म्हणाले. "शोधायची तयारी पाहिजे." म्हणजे माझी.

एरवी मी हात वर केले असते. पण त्या सीटवर तेजश्री बसणार होती. एकोणीस वर्षांची, गावात वडिलांचा फोटो स्टुडिओ, आणि विमानाच्या बाबतीत आजवर मला भेटलेली सगळ्यात हट्टी पोरगी. तिची परीक्षेआधीची उड्डाणं शिल्लक होती. उतरताना चूक करायचं वय आहे तिचं, सगळेच करतात, मीही केली. फक्त माझ्या वेळी खांद्याच्या पट्ट्याने मला धरलं होतं. म्हणून मी मालकांना स्पष्ट सांगितलं की पट्टे दुरुस्त झाल्याशिवाय तेजश्री त्या विमानात बसणार नाही. "तुम्ही परत येईपर्यंत विमान शेडबाहेर काढत नाही," मालक म्हणाले. "शब्द देतो."

आणि नेमका तेव्हाच पनवेलच्या एका वैमानिक मित्राचा फोन आला. तो घरचा गणपती आणायला पेणला गेला होता. "तिथल्या एका कारखान्यात टेम्पोत मूर्ती बांधायला विमानाचा पट्टा वापरतात," तो म्हणाला. "मुठीएवढी डबी. मी डोळ्यांनी पाहिली." कुठला कारखाना, ते मात्र त्याला आठवेना. निळ्या दाराचा होता म्हणे.

पेण

माझ्याबरोबर माझी नणंद आली. वन्संना विमानात काडीचा रस नाही, पण गाडी त्यांची होती आणि त्यांना पेणचे पोह्याचे पापड हवे होते. वन्संचा एक नियम सांगून ठेवते. त्या गाडीचा पट्टा आधी पाठीमागून घेऊन खाचेत अडकवतात आणि मग त्याच्यावर टेकून बसतात, म्हणजे गाडी कुरकुर करत नाही. पट्टे शोधायला निघालेल्या बाईची सारथी ही अशी!

पेणमध्ये निळ्या दाराचा कारखाना शोधणं म्हणजे पुण्यात चिडका दुकानदार शोधणं. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंना कारखानेच, आणि निम्म्यांची दारं निळी. माझा अंदाज होता की अनंत चतुर्दशी होऊन गेली, आता सगळे हातपाय पसरून झोपले असतील. पण प्रत्येक दारात लगबग, कुठे आंब्याचं तोरण, कुठे मखराला शेवटचा खिळा.

पेणमध्ये एक गोष्ट चांगली आहे, 'नाही' हा शब्द कुणाच्या तोंडी येत नाही. "पट्टा ना? मिळेल ना!" म्हणत पहिल्या कारखानदाराने ट्रकवर माल आवळायचा पट्टा आणला. दुसऱ्याने शाळेच्या दप्तराचा. तिसऱ्याने माझं सगळं बोलणं डोळे मिटून ऐकलं, आत गेला आणि खड्यांनी मढवलेला देवाचा कमरपट्टा घेऊन आला. "खांद्याचा नाय," तो म्हणाला, "पन हा बघा, काय चमकतो!" वन्संनी तो स्वतःच्या कमरेला लावून बघितला.

घाटावर आमच्याकडे माणूस नसलेल्या वस्तूला नाही म्हणतो आणि वर तुम्हाला ती कशाला हवी असं विचारून तुमचा पाणउतारा करतो. इथे कुणीही वाटेला लावलं नाही. सगळ्यांनी मदत केली, त्यामुळे दुपार झाली.

शेवटी एका पापडवालीने पत्ता दिला. "म्हात्र्यांचा नंदू. तो टेम्पोत देवाला सीटबेल्ट लावतो," ती म्हणाली, आणि वर "येडाच हाय तो," असा शेरा मारला. वन्संनी तिच्याकडून पापड घेतले, आणि आम्ही नंदू म्हात्रेंच्या दारात उभ्या राहिलो. दार हिरवं होतं.

आत माणसाच्या उंचीचा गणपती नुकताच बसवलेला. समोर समई, उदबत्ती, पाटावर साखरेची वाटी. आणि मूर्तीच्या मागच्या फळीवर, स्क्रूने पक्क्या केलेल्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, त्या दोन डब्या! त्यांतून निघालेले करडे पट्टे देवाच्या दोन्ही खांद्यांवरून पुढे आलेले होते. हार त्यांच्यावरून घातला होता. मी हात जोडले खरे, पण देवाने माझं तोंड बघितलंच नसेल, कारण मी वाकून त्याच्या पाठीमागे बघत होते.

"पितृपक्षात गणपती?" वन्संनी दबक्या आवाजात विचारलं. आमच्याकडे या पंधरवड्यात कोणी नवीन रुमालसुद्धा विकत घेत नाही.

नंदूची आई भिंतीला टेकून दूर्वा निवडत होती. ती हसली. "साऱ्या दुनियेचे गणपती आमी करायचे, पोचवायचे. मग चवथीला आमच्या घरात मानूस तरी असतो का गो बाय? म्हनून आमचा देव साखरचौथीला येतो. आज. त्याला म्हायती हाय आमाला कवा सवड असते."

म्हणजे संकष्टीला, चंद्र उगवल्यावर पूजा, आणि दीड दिवसाने विसर्जन. सगळ्या जगाच्या मागून येणारा हा देव मला आवडला. निदान तेव्हा तरी आवडला.

नंदू म्हात्रे चाळिशीचा, अंगाने भरलेला, हातांना अजून सोनेरी रंग लागलेला माणूस. त्याने मला डब्यांचं माहात्म्य सांगितलं. "पूर्वी दर खेपेला एखादा हात जायचा, नायतर सोंड. गवत घाला, गाद्या घाला, काय उपेग नाय. वडखळ सोडलं की एकेक खड्डा असा, की देव उडून पुन्हा बसायचा. हे बेल्ट लावले, आन तवापासून एक बोट पन मोडलं नाय. खड्डा आला, झटका बसला, की बेल्ट धरतो!" त्याने मुठीने स्वतःचा खांदा धरून दाखवला.

मी त्याला माझी गोष्ट सांगितली. तेजश्रीची, शेवेसारख्या सुटणाऱ्या पट्ट्याची. तो गंभीर झाला. "न्या की मग मॅडम. पोरीसाठी हाय ना? पैशाचं नाव काढू नका."

मी पिशवीतून पान्हा काढला.

"आता नाय!" नंदू ओरडला. "पूजेला बसवून झाला. प्राणप्रतिष्ठा झाली दुपारी. आता इसर्जनापर्यंत देवाला हलवता येत नाय. डबी काढायची तर फळी हलनार, फळी हलली तर देव हलनार."

"हळूच काढते."

"मॅडम, तुमचं विमान उडत असताना मी त्याची चाकं हळूच काढू का?"

"मग निदान एक झटका देऊन बघू का, धरतो का ते?" मी विचारलं. नंदूच्या आईने दूर्वा खाली ठेवल्या. वन्संनी माझ्या दंडाला धरून मला बाहेर नेलं.

चंद्र उगवेपर्यंत आम्ही त्यांच्याच ओट्यावर बसून होतो, कारण जायला निघालो की कोणीतरी "बसा गो, आरती घेऊन जा" म्हणत होतं. ढगांमुळे चंद्र उगवला की नाही यावर घरात दोन पक्ष पडले. उपाशी पक्षाच्या मते तो केव्हाच उगवला होता. अखेर मोदक आले, आणि त्यांच्याबद्दल मी काहीही वाकडं लिहिणार नाही. वन्संनी किती खाल्ले तेही लिहीत नाही.

निघताना मी नंदूला खरा प्रश्न विचारला. विमानाच्या पट्ट्याला नुसतं धरता येऊन भागत नाही. तो कुठून आला, कुठल्या विमानातला, ते कळावं लागतं, नाहीतर आमचा इंजिनिअर त्याला हातही लावणार नाही. "इस्माईलभाईंनी दिले," नंदू म्हणाला. "रोह्याच्या पुढं, खाडीवर राहतात. गल्फमध्ये विमानाच्या कामाला होते. आजून पन असतील त्यांच्याकडे." माझा जीव भांड्यात पडला. देवाच्या पाठीमागे ताटकळायची गरजच नव्हती. रोह्याला जायचं, दोन डब्या त्यांच्या जन्मकथेसकट आणायच्या आणि तेजश्रीच्या सीटमागे बसवायच्या.

रोहा

नागोठण्याला वळायचं ते आम्ही वळलो नाही. वन्सं रात्रीच्या मोदकांची कृती मला समजावून सांगत होत्या. थेट खांब गाव आल्यावर चहाच्या टपरीवर रोहा कुठे म्हणून विचारलं. "मागं राह्यला," टपरीवाला म्हणाला. मग आमचे चेहरे बघून त्याने दिलासा दिला, "पन पुढून पन जातं." हा महामार्ग पुरा होणार असं मी किती वर्षं ऐकते आहे, पण वाटेतला प्रत्येक फलक 'काम चालू आहे' असं अजून छातीठोकपणे सांगतो. मी वादळी हवेत विमान उतरवलं आहे, एकदा तर इंजिन खोकत असताना. या रस्त्यावर मात्र मी देवाचं नाव घेतलं आणि म्हात्र्यांच्या देवाला पट्टा का लागतो ते मला समजलं.

रोह्यात शिरण्याआधी, औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी सुरक्षेच्या सामानाचं दुकान दिसलं. हेल्मेट, हातमोजे, रसायनांच्या कंपन्यांत घालायचे बूट. म्हटलं, बघावं. दुकानदाराने माझं ऐकून घेतलं आणि भोपळ्याएवढा एक पिवळा गोळा काउंटरवर आपटला. उंच टाकीवर चढणारा कामगार पडला तर त्याला अधांतरी धरून ठेवणारं ते यंत्र होतं.

"हे विमानाच्या सीटमागे बसणार नाही," मी म्हटलं.

"मॅडम, याच्यात माणूस लटकतो, तीन-तीन शिफ्ट चालतं," तो दुखावून म्हणाला. "तुमचा तर बसलेला हाय!"

इस्माईलभाईंचं घर खाडीच्या काठी, मशिदीच्या मागे. घर दुमजली, वर गच्ची, दारावर सोनेरी नक्षी आणि आत असं झुंबर, की त्याच्या खाली उभं राहिलं की माणसाला आपण कुणाच्या तरी लग्नाला आलोय असं वाटावं. पण माझं लक्ष अंगणातल्या बकरीने वेधून घेतलं. ती कुंपणाच्या खांबाला बांधली होती, दोरीने नाही, करड्या पट्ट्याने, आणि तो पट्टा खांबावरच्या मुठीएवढ्या डबीतून आला होता. बकरी सावकाश चरत गेली की पट्टा सुटायचा. ती परतली की आपोआप गुंडाळला जायचा. तेवढ्यात तिला शेजारचा मेथीचा वाफा दिसला. तिने धाव घेतली, डबीने पट्टा खट्दिशी धरला आणि बकरी जागच्या जागी उभी राहून आमच्याकडे अत्यंत रागाने बघायला लागली.

"वन्सं," मी म्हणाले, "बघा, चालतो!"

"बकरीच्या गळ्यात आहे तो," वन्सं म्हणाल्या, पण त्याही बघत राहिल्या.

इस्माईलभाई साठीचे, पांढरीशुभ्र दाढी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्यांना विमानाचं कोणीतरी भेटायला आलंय हे कळल्यावर पहिला तास त्यांच्या फोटोंमध्ये गेला. इस्माईलभाई एका विमानाच्या शिडीवर, इस्माईलभाई दुसऱ्या विमानाच्या पंखाखाली, इस्माईलभाई गॉगल घालून शेखच्या खासगी विमानाच्या दारात, जणू शेख मागे राहिले आणि हेच निघाले. "मी नसलो तर त्ये विमान उडायचं नाय," ते म्हणाले. आतून त्यांच्या बायकोचा, रुक्साना भाभींचा आवाज आला, "सीटा शिवायचे सीटा! विमान कुठं उडवायचे?" इस्माईलभाईंनी ऐकलं नाही असं दाखवलं.

जेवल्याशिवाय जायचं नाही हा हुकूम होता. तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातली खाडीची कोलंबी आणि कैरीचं लोणचं. वन्संनी आधी जाहीर केलं की पितृपक्षात त्या मासळी खात नाहीत. मग म्हणाल्या, नुसता रस चाखते. मग रसाबरोबर चुकून जे ताटात आलं ते टाकणं अन्नाचा अपमान ठरला असता. "घे गो बहिनी, आजून घे," रुक्साना भाभी म्हणत होत्या, आणि वन्सं अन्नाचा मान राखत होत्या.

जेवण झाल्यावर मी विचारलं, त्या डब्या विमानातल्याच ना?

"असली विमानाच्या!" इस्माईलभाई म्हणाले. "लहान विमानं यायची आमच्या शॉपला, ट्रेनिंगची, शेख लोकांची. मी सोताच्या हातानं काढल्यात."

"आणि काढल्या कशाला?"

इस्माईलभाईंनी फोटो गोळा करून बाजूला ठेवले. "उमर झाली म्हनून. मॅडम, तुमी तर जानता. पट्ट्याला पन उमर असते. तिकडचं ऊन. धागा आतून मरतो, वरून कळत नाय. डबी धरंल, व्हय, झकास धरंल. पन जोर आला तर पट्टाच तुटंल. कधी तुटंल ते अल्लालाच ठाव. साहेबाचा हुकूम होता, काढले की कापून टाकायचे. मला काय कापवेनात. चांगला माल वाटला. सुटकेसमध्ये घातला आन आनला."

कापून टाकायचे पट्टे या माणसाने सुटकेसमध्ये भरून घरी आणले, आणि गल्फहून आलेली वस्तू म्हणून ते सगळ्या पंचक्रोशीत वाटले. शेजाऱ्यांच्या झोपाळ्याला एक, जावयाच्या होडीला एक, बकरीला एक, नंदू म्हात्रेला दोन. जो तो खूश. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. पट्ट्याला वय असतं हे मलाही माहीत होतं, विमान शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. पण दोन दिवस मी जे शोधत फिरले ते सापडलं आहे असंच मला मानायचं होतं.

"नंदूला दिलेत तेव्हा त्याला सांगितलंत का हे?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"सांगितलं की! पन गनपतीची बात येगळी हाय," इस्माईलभाई शांतपणे म्हणाले. "तो मोडला तर नंदू दुसरा करतो. तुमची पोरगी मोडली तर कोन करनार?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही. रुक्साना भाभी आतून कोकमाचं सरबत घेऊन आल्या आणि आम्ही ते प्यायलो.

पुन्हा पेण

पेणला परतायचं खरं तर काही कारण उरलं नव्हतं. पण नंदूला शब्द दिला होता की विसर्जनाला येऊ, आणि आम्ही घाटावरची माणसं रागावलो तरी आमंत्रण बुडवत नाही. वन्संना आणखी पापडही हवे होते.

विसर्जनाला गल्लीतले सगळेच दीड दिवसांचे देव एकदम निघाले. आठवड्यापूर्वी जगाचा गणपती गेला तेव्हा हीच माणसं थकून बघत उभी असतील. आता ती स्वतः नाचत होती. मूर्तिकारांची मिरवणूक मी पहिल्यांदाच बघितली. गुलाल उधळायला हात उचलला तरी त्यांचं लक्ष मूर्तीच्या रंगाकडे जातं. शेजाऱ्याच्या देवाचे डोळे जरा जास्तच मोठे झालेत, यावर दोघांची नदीपर्यंत चर्चा चालली होती.

नदीच्या घाटावर नंदूने देवाला अक्षता वाहिल्या, मूर्ती जागेवरून हलवली, आणि मग पहिलं काम काय केलं तर माझ्याकडून पान्हा मागून घेतला. दोन्ही डब्या काढल्या, गुलाल पुसला, सोनेरी कागदात गुंडाळल्या आणि वर एक मोदक ठेवून माझ्या हातात दिल्या. "घ्या मॅडम. आता प्रसाद झाला हा." मी इस्माईलभाई काय म्हणाले ते त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. "व्हय, त्ये बोलले होते कायतरी," तो म्हणाला. "पन मला वाटलं, गल्फवाले असंच बोलतात, भाव खायला."

मी सोनेरी कागद सोडला आणि पट्टा झटक्याने ओढला. धरला. पुन्हा ओढला. पुन्हा धरला. किती सुंदर धरत होता! मी पट्टा उलटा करून उन्हात बघितला. कडेचा धागा भुरा, नखाने खरवडला की पीठ निघावं तसा झालेला.

मालकांना फोन लावला. पट्टे मिळाले नाहीत, मिळाले ते म्हातारे निघाले, असं सांगितलं.

"लॉक होतात ना?" मालकांनी विचारलं.

"होतात. पण ताण आला तर तुटतील."

"अहो, ताण येऊच द्यायचा नाही. वैमानिक कशाला असतो मग? घेऊन या." आणि मग, मला नवल वाटावं इतक्या गोडीने, "पण सावकाश या. घाई काहीच नाही. आलाच आहात तर समुद्र वगैरे बघा."

तीस वर्षांत मालकांनी मला समुद्र बघायला कधी सांगितलं नव्हतं. मी फोन ठेवला. मग तेजश्रीला फोन लावला.

"मॅडम!" ती किंचाळलीच. "तुम्हालाच करणार होते! काल दोनदा उडाले आणि आज सकाळी एकदा. सर स्वतः बसले होते शेजारी. शेवटचं लँडिंग जरा जोरात झालं, उसळलोच आम्ही, पण बाकी मस्त!"

"तेजू, खांद्याचा पट्टा लावला होतास?"

"लावला ना. तो आता काय छान झालाय मॅडम! आधी किती रुतायचा. आता कितीही पुढे वाकलं तरी सोबत येतो, अडवत नाही. सर म्हणाले, मॅडमनी जायच्या आधी स्वतः तपासून दिलाय."

मी रागावते तेव्हा सहसा मला बोलायला शब्द पुरत नाहीत. त्या दिवशी मोजकेच वापरले. मी सावकाश, सोप्या वाक्यांत तिला सांगितलं की मी काहीही तपासून दिलेलं नाही, तो पट्टा तिला धरणार नाही, आजही धरणार नव्हता, आणि तिने उद्या शाळेत पाऊल टाकायचं नाही. ती लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली, "पण मॅडम, आम्ही उसळलो तेव्हा सरांनी हात आडवा धरला होता माझ्यापुढे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. हात धरायचं माहीत होतं.

नंदू ओल्या कपड्यांनी शेजारी उभा होता. देव पाण्यात गेला होता, मागे रिकामी फळी टेम्पोत चढवत होते. माझं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. त्याने विचारलं ते भांडायला नाही, त्याला खरंच समजत नव्हतं. "म्हंजे मॅडम, आमी मातीच्या देवाला बांधून नेतो, आन तुमचा मालक जित्या पोरीला मोकळी नेतो?"

वन्संनी पापडांची पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ती शाळा सोडून दुसरीकडे शिकवायला जाण्याचं माझं वय राहिलेलं नाही, हे त्यांना माहीत आहे. मलाही आहे.

मी तेजश्रीच्या वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. मग मुंबईच्या त्या कार्यालयाचा नंबर लावला, जिथून विमानांना उडायची परवानगी मिळते आणि जिथून ती काढूनही घेता येते. बराच वेळ वाजत राहिला. ताशांच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी दुसऱ्या कानावर हात दाबून धरला. पलीकडून कोणीतरी कंटाळलेल्या आवाजात "बोला" म्हणालं, आणि मी आधी विमानाचा नंबर सांगितला, मग माझं नाव.